चारकोपची पेटी काढायला गेले, ती गोष्ट

सुरुवातीलाच सांगते, या वेळच्या प्रवासात डोंगर नाही, किल्ला नाही आणि सगळं अंतर घाटकोपर ते कांदिवली एवढंच आहे. नेहमीच्या वाचकांपैकी काही जण इथेच पान बंद करतील. करा बापडे. पण हे लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आणि तुमच्यापैकी कुणी शनिवार-रविवारी लॅपटॉप खांद्याला लावून निसर्गाच्या मदतीला निघणार असेल, तर त्याने हे आधी वाचावं.

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिते. आमच्याच सोसायटीत प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात, त्यांना सगळे सरच म्हणतात. उपनगरांच्या किनाऱ्यावर रोज कोणते जीव हाती लागतात, याची नोंद कुणीतरी सलग ठेवायला हवी, अशी सरांची फार वर्षांची तळमळ. पण रोज किनाऱ्यावर बसणार कोण? मी म्हटलं, माणूस कशाला, यंत्र बसवू. मग एक पेटी तयार केली. खांबावर पेटी, पेटीत कॅमेरा आणि छोटा संगणक, खाली पांढरी फळी. कोळणीने फळीवर मासा ठेवायचा. पेटी ‘टिंग’ करते, फोटो निघतो, संगणक मासा ओळखून नाव आणि वेळ लिहून ठेवतो. अशा दोन पेट्या लागल्या, एक खारदांड्याला आणि एक चारकोपच्या खाडीवर.

या जूनच्या आधी आठ महिने त्या चालू होत्या. खारदांड्याची यादी भलीमोठी झाली. चारकोपच्या यादीत मोजून दोन-चार बोय मासे, थोडी कोळंबी आणि पुढे कोरं. महिन्यापूर्वी मी सरांच्या सांगण्यावरून अहवाल तयार केला, त्यात चारकोपपुढे एक वाक्य लिहिलं: ‘खाडीत विशेष जीवसृष्टी आढळत नाही.’ अहवाल आम्ही आमच्या संकेतस्थळावर टाकला. मला तेव्हा त्या वाक्याचं काहीच वाटलं नव्हतं.

मग सरांचा फोन. “मेधा, चारकोपची पेटी काढून आण. तिथे उगाच धूळ खातेय. खारदांड्याला दुसरी म्हणून लावू.” मी लगेच हो म्हटलं. शनिवारी खारदांड्याची जागा बघायची, रात्री कांदिवलीला बहिणीकडे मुक्काम आणि रविवारी सकाळी पेटी काढून परत, असा बेत ठरला.

शनिवार, खारदांडा

जाणाऱ्यांसाठी: घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी, तिथून रिक्षा. सकाळी दहानंतर निघालात तर लिंक रोडवर पाऊण तास धरा, मीटर दीडशेच्या पुढे जातं. मुख्य म्हणजे घड्याळाआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. मी पहिल्यांदा गेले होते तेव्हा ऐन ओहोटीला पोचले आणि दोन तास नुसती चिखलाकडे बघत बसले होते. तिथल्या बायकांना वेळापत्रक लागत नाही, तिथी सांगितली की पाणी कधी भरेल ते त्या सांगतात. त्या दिवशी द्वितीया होती. दीडच्या सुमाराला पाणी चढलं आणि होड्या लागल्या.

नलूताई ही तिथली माझी पहिली ओळख. साठीची बाई, आवाज असा की लाटा गप्प बसाव्यात. मांदेली, बोंबील, शिंगाळा, एकेक मासा फळीवर ठेवून ती हात मागे घेत होती. टिंग, टिंग. पेटीला जोडलेल्या फोनवर नावं भराभर उमटत होती, आणि खरं सांगते, ऊर भरून येत होता. आपण लिहिलेलं काहीतरी वाळूत, उन्हात, माशांच्या वासात बिनचूक चाललंय हे बघण्यासारखं सुख नाही.

“बघ,” नलूताई बाजूच्या बाईला म्हणाली, “हीच ती. हिनं शब्द पाळला.”

तो शब्द काय ते सांगते. पेटी लावायला आले होते तेव्हा इथे मोठं भांडण झालं होतं. आमचे फोटो तू कुठे पाठवणार, कशाला पाठवणार, आमच्या सुना-मुली इथे काम करतात. बायका बोलत होत्या ते शंभर टक्के बरोबर होतं. मग मी वचन दिलं, की एकाही बाईचा चेहरा, हात, अगदी बांगडीसुद्धा कुठे राहणार नाही. प्रोग्रॅममध्ये तसा नियमच घातला. फोटोत माणसाचा कुठलाही भाग दिसला की फोटो त्या क्षणी नष्ट. नुसती वेळ आणि ‘हात दिसला’ एवढी एक ओळ वेगळ्या फाइलमध्ये राहते. मासा ठेवताना घाईत हात राहिला तर तो फोटो जातो, बाई हात काढते, दुसरा फोटो निघतो. खारदांड्याला हे झकास चाललं होतं, आणि तोच प्रोग्रॅम मी जसाच्या तसा चारकोपच्या पेटीत टाकला होता.

दुसऱ्या पेटीसाठी खांबाची जागा ठरवली, नलूताईने दिलेला कोरा चहा प्यायले आणि निघाले. रिक्षाने डी. एन. नगर, तिथून दुसरी मेट्रो कांदिवलीपर्यंत. खिडकीतून पश्चिमेकडे बघत राहा. इमारतींच्या फटीतून मधूनच तिवरांचा गडद हिरवा पट्टा दिसतो आणि लगेच झाकला जातो. संध्याकाळी बहिणीने, वैजूने, अळूची भाजी आणि गरम पोळ्या वाढल्या. “एक डबा काढायला दोन दिवस?” ती म्हणाली. “तू पण ना, यार!”

रविवार, चारकोप

सकाळी आठला निघाले. दहाणूकरवाडीच्या बाजूने रिक्षा केली तर पन्नासच्या आत चारकोपच्या शेवटच्या सेक्टरला पोचता. तिथून पुढे चालायचं. जुने फ्लोटर्स घाला, चांगले बूट वाया जातील. सोसायट्यांच्या भिंती संपतात, एक मातीची वाट तिवरांमधून खाली उतरते आणि चिखलापाशी थांबते. दोन माणसं जेमतेम शेजारून चालतील एवढी वाट. तिच्या तोंडाशी आमचा खांब.

ओहोटी होती. चिखल दूरवर उघडा पडला होता आणि त्यात गुडघाभर रुतलेल्या तीन-चार बाया वाकून काहीतरी वेचत होत्या. मी पाना काढला आणि पेटीचा पहिला नट ढिला केला. दुसरा गंजला होता. त्याच्याशी झटापट चालू असताना पाणी परत चढायला लागलं आणि एकेक बाई वर आली. सगळ्यांत पुढे हिराबाय.

हिराबायला मी आठ महिन्यांपूर्वी एकदाच भेटले होते, पेटी लावली त्या दिवशी. त्या दिवशी भरती होती, खाडीत कुणी उतरलेलं नव्हतं, म्हणून मी बाजारातून आणलेले दोन बोंबील फळीवर ठेवून तिला कसं करायचं ते दाखवलं होतं. तासाभरात काम उरकून मी परत गेले होते. पेटी कशी चाललीय हे पुढे मी घरी बसून बघायचे.

“आलीस गो बाय?” हिराबाय म्हणाली. “बिगडली काय पेटी?”

“नाही हो. सहज बघत होते.” काढून न्यायला आलेय हे मला सांगवलं नाही.

तिने डोक्यावरची टोपली उतरवली, वरचं ओलं गोणपाट सारलं, आत हात घातला आणि एक निवटी बाहेर काढली. निवटी म्हणजे चिखलावर राहणारा बोटभर मासा, डोळे डोक्यावर, पाण्याबाहेरही टुणटुण उड्या मारतो. ती मुठीत अशी धरली होती की डोकं आणि अर्धं अंग बाहेर. हिराबायने मूठ कॅमेऱ्याखाली नेली. टिंग. मग दुसऱ्या हाताने, मागून नांग्या लागणार नाहीत अशी धरलेली चिंबोरी. टिंग. मग कालवांची ओंजळ. टिंग. प्रत्येक वेळी ती आवाज होईपर्यंत थांबत होती, देवापुढे हात जोडून उभं राहावं तशी. मागच्या बायांनीही तसंच केलं.

मी फोन बघत होते. एकही नाव उमटलं नाही.

“हिराबाय,” मी म्हटलं, “फळीवर ठेवा ना. हात काढा.”

ती हसली. “ठेवते. बग.” आणि निवटी फळीवर सोडली. पापणी लवायच्या आत ती उडाली, फळीवरून खाली, चिखलात, गायब. “तुना काय वाटला, ती मेलेली हाय?”

 खारदांड्याला येतात ते समुद्रातून आलेले, मेलेले मासे. फळीवर निपचित पडून राहतात. खाडीच्या चिखलातून येतं ते सगळं जिवंत येतं. निवटी उडते, चिंबोरी पळते, त्यांना धरायलाच लागतं, आणि मग त्याच सवयीने कालवंही हातातच. आणि धरलं की हात दिसतो. आणि हात दिसला की फोटो नष्ट, असं मीच लिहून ठेवलं होतं. ‘टिंग’ होत होतं कारण फोटो निघत होता. तो पुढच्या क्षणी पुसला जातोय, हे या बायांना कळायला काही मार्गच नव्हता.

मी काही बोलायच्या आत हिराबायने कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला. “हा वाच गो. मना वाचता नाय येत. पोरीनं वाचला, पन तू नीट सांग.”

नोटीस होती. ही मातीची वाट बंद करून जागा भरायची आणि वाहनतळ करायचा, हरकती असल्यास मंगळवारी सुनावणीला या. या वाटेशिवाय चिखलात उतरायला दुसरी जागा नाही, हे उभं राहिलं तरी दिसतं. खाली कारणं दिली होती. तिसऱ्या क्रमांकावर माझं वाक्य होतं, शब्दन् शब्द. खाडीत विशेष जीवसृष्टी आढळत नाही.

“मी सांगितलाय त्याना,” हिराबाय म्हणत होती, “आमचा सगला त्या पेटीत लिवलेला हाय. रोज दाखवताव आमी. तू येशील ना मंगलवारी? तुझी पेटी घेऊन?”

तेव्हा मी तिला सांगितलं. सगळं. नियम, नष्ट झालेले फोटो, अहवाल, आणि मी पेटी काढायला आले होते तेही. मी बोलत असताना बाकीच्या बाया टोपल्या डोक्यावर घेऊन निघून गेल्या. हिराबायने टोपलीवर गोणपाट परत ओढलं. मग तिने विचारलं, “मंग आठ महिने मी कोनाला दाखवत व्हते गो?”

 मी माफी मागितली. ती म्हणाली, “माफी घेऊन मी काय करू? त्याला बसव परत, जो ढिला केलास तो.” मी नट परत आवळला.

नंतर ती मला घरी घेऊन गेली. मला वाटलं नव्हतं नेईल असं. भात आणि निवट्यांचं कालवण. आठ महिने मी जो पुरावा फेकून देत होते तो माझ्या ताटात होता. चव सांगणार नाही, ते वर्णन करायची ही जागा नाही. एवढंच सांगते की मी ताट पुसून खाल्लं, आणि निघताना हिराबायने पुन्हा विचारलं नाही की मंगळवारी येशील ना. ती ते धरूनच चालली होती.

वैजूकडे बॅग घ्यायला गेले आणि तिला सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मेलेली मोजलीस आणि जिवंत फेकलीस.” बहिणी अशाच असतात.

मंगळवारपर्यंत

घरी आल्यावर सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “चूक माझीही आहे. त्या खाडीत काहीच नाही हे वाचून माझ्या मनात शंका यायला हवी होती. मी यंत्रावर विश्वास ठेवला, कारण ते थकत नाही.” त्या रात्रीच त्यांनी चारकोपचा भाग मागे घेत असल्याचं पत्र लिहून दिलं.

फोटो परत मिळणार नव्हते. उरली होती ती ‘हात दिसला’ची फाइल. ती मी आठ महिन्यांत एकदाही उघडली नव्हती. खारदांड्यालाही हात दिसायचेच, त्यामुळे चारकोपच्या फाइलचा आकार मोठा दिसला तरी नेहमीचंच असेल असं धरून चालले होते. सोमवारी रजा टाकली आणि ती फाइल उघडली. ओळीच ओळी. दिवस, वेळ, हात दिसला. दिवस, वेळ, हात दिसला.

आडवे दिवस आणि उभ्या वेळा घेऊन आलेख काढला तर पडद्यावर तिरप्या रेघा उभ्या राहिल्या. रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तासाने पुढे सरकलेली. भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं त्या दिवसांत ठिपके तुरळक, उधाण आलं की दाट. संध्याकाळपर्यंत रेघ चढायची, संपायची, आणि तोवर सकाळी नवी सुरू झालेली असायची. वेळापत्रक शेजारी ठेवलं. प्रत्येक ठिपका ओहोटीच्या मागोमाग होता. आठ महिने, एकही पंधरवडा रिकामा नव्हता. मी त्या रेघांकडे बघत रडले, हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

मंगळवारी बोरिवलीतल्या एका कचेरीत गेले. हिराबाय आणि दोन बाया आधीच बाकावर बसल्या होत्या, इस्त्रीची लुगडी, केसांत फुलं. साहेब सभ्य होते. मी उभी राहून म्हटलं की हा अहवाल मी लिहिलाय आणि चारकोपपुरता तो चुकीचा आहे. का चुकला ते सांगितलं, सरांचं पत्र आणि आलेख पुढे ठेवला.

साहेबांनी आलेख नीट बघितला. “हे काय दाखवतं?”

“आठ महिने ओहोटीच्या मागोमाग कुणीतरी खाडीतून वर येऊन पेटीखाली हात धरत होतं.”

“हातात काय होतं, ते दाखवतं?”

“नाही.”

“मॅडम, मी तुमचा प्रामाणिकपणा समजू शकतो. पण यात हात दिसतात. मासे दिसत नाहीत.”

ते बरोबर बोलत होते. तेवढ्यात हिराबाय उठली. “मंग रोज काय मी रिकामा हात दाखवाला येत व्हते, साहेब?”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बराच वेळ लिहीत होते. निकाल असा की चारकोपचा अहवाल विचारात घेतला जाणार नाही, तीन महिने नव्याने नोंद घ्यावी, तोवर वाट तशीच राहील. पुढचं पुढे. हिराबायला मी बाहेर येऊन समजावलं. ती म्हणाली, “तीन महिने म्हंजे पावसाचा. पावसात चिंबोरी भरपूर,” आणि रिक्षा बघायला लागली.

त्याच दुपारी आम्ही सगळ्या चारकोपला गेलो. लॅपटॉप मांडीवर घेऊन, खांबाला टेकून मी नियम बदलत होते. बदलण्याआधी विचारलं, कारण वचन खारदांड्याच्या बायांना दिलं असलं तरी ते सगळ्यांनाच लागू होतं. हिराबायने बाकीच्या बायांना विचारलं, थोडी वादावादी झाली, मग ती म्हणाली, “हात ठेव. तोंड नको.” खारदांड्याचा नियम मी होता तसाच ठेवला.

घरी

आता घाटकोपरला आहे. या प्रवासाचा एकूण खर्च हजाराच्या आत, तुम्ही गेलात तर तुमचाही तेवढाच होईल. ओहोटी बघून जा, वाट अरुंद आहे, टोपली घेऊन कुणी वर येत असेल तर बाजूला उभे राहा.

मी अजूनही सॉफ्टवेअरच लिहिते आणि पेट्यांवर माझा विश्वास उडालेला नाही. माणूस रोज बसू शकत नाही हे खरंच आहे. पण आता पेटी लावली की मी पहिले काही दिवस तिथे जाऊन बसते, आणि फेकलेल्याची फाइल आधी उघडते. ते आठ महिने मात्र गेले. ते माझ्या नावावर राहतील.

हिराबायला लिहिता येत नाही, म्हणून ती फोनवर आवाज पाठवते. रोज, ओहोटीच्या मागोमाग, एकच शब्द. “रायला?” फोटो राहिला का, एवढंच. मी असेन तिथे काम थांबवून बघते. चिखलाने माखलेली मूठ, करंगळीशी चिंबोरीने कधीतरी घेतलेल्या चाव्याचा व्रण, आणि मुठीतून वर बघणारे दोन डोळे. खाली नाव, वेळ. मग मी आवाज पाठवते, “राहिला.”

काल फोटो आला तो नुसत्या उघड्या तळहाताचा. यंत्राने लिहिलं होतं, ‘काही नाही.’ पाठोपाठ हिराबायचा आवाज, धाप लागलेला. “उडाली गो मेली. ऐन टायमाला. रायला काय?”

नोंदीच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवलाय, यंत्राने लिहिलेल्याच्या शेजारी. त्यात मी लिहिलं: ‘हिराबाय सांगतात, निवटी होती. उडाली.’ आणि तिला कळवलं, की राहिला.